जिद्दी सेनापती ग्रँट

मुलांनो, अमेरिकेचा नकाशा उघडा. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी मिसिसिपी नदी तुम्हाला दिसेल. या नदीचे खोरे जिंकणाऱ्या सेनापतीची ही गोष्ट आहे.

युलिसिस ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यात झाला. लष्करी शिक्षण घेऊन ते सैन्यात गेले. पण १८५४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. शेती केली, ती बुडाली. पोटासाठी त्यांनी सरपण विकले. त्यांच्याजवळ एक गुलाम होता. त्याला विकले असते तर बरेच पैसे मिळाले असते. पण १८५९ मध्ये ग्रँट यांनी त्याला मुक्त केले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती, म्हणून ती देशातून फुटली. ग्रँट उत्तरेच्या बाजूने लढू लागले.

नदीकाठच्या उंच टेकडीवर विक्सबर्ग शहर होते. तेथील तोफांनी जहाजांची वाट अडवली होती. ग्रँट यांनी कालवा खणून पाहिला, दलदलीतून वाटा शोधल्या. सारे प्रयत्न फसले. वर्तमानपत्रे टीका करू लागली. तरी ते खचले नाहीत. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री त्यांची जहाजे तोफांच्या माऱ्यातून पुढे निसटली. सैन्य पश्चिम तीराने चालत गेले व जहाजांतून नदीपार झाले. पाच लढाया जिंकून ग्रँट विक्सबर्गला पोहोचले. तेथे मात्र त्यांचे हल्ले फसले, शेकडो सैनिक मेले. मग त्यांनी वेढा घातला. शहरातील बायकामुले टेकडीत गुहा खोदून राहिली. अन्न संपत आले. ४७ दिवसांनी, ४ जुलै रोजी, शहर शरण आले. सुमारे तीस हजार शत्रुसैनिक हाती लागले. पुन्हा लढणार नाही, असे वचन घेऊन ग्रँट यांनी त्यांना सोडून दिले. थोड्याच दिवसांत सारी नदी मोकळी झाली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

१८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. ग्रँट यांनी त्यांच्या उपाशी सैनिकांना अन्न दिले. नांगरणीसाठी घोडेही नेऊ दिले. त्याच वर्षी गुलामगिरी कायद्याने संपली.

पुढे ग्रँट १८६९ ते १८७७ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. १८७९ मध्ये जगप्रवास करताना ते मुंबईलाही आले होते. म्हातारपणी भागीदाराने फसवल्यामुळे ते कंगाल झाले. घशाच्या कर्करोगाने आजारी असतानाही त्यांनी आत्मचरित्र लिहून पूर्ण केले. २३ जुलै १८८५ रोजी ते वारले. त्या पुस्तकाच्या उत्पन्नाने त्यांच्या कुटुंबाची गरिबी दूर झाली.

मुलांनो, शत्रूला जिंकणारे पुष्कळ असतात. जिंकल्यावर त्याला जेवू घालणारे थोडेच असतात.