ला ग्वार्डिया : रिकामी तिजोरी आणि लांब रांगा

न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडच्या आपल्या मंडळींना ला ग्वार्डिया हे नाव माहीत असतं ते विमानतळामुळे. शिकागोहून किंवा अटलांटाहून येणाऱ्या नातेवाइकांना आणायला आपण तिथे जातो. पण ज्यांचं नाव त्या विमानतळाला दिलंय, त्या माणसाची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. म्हणून हा छोटासा परिचय.

फियोरेलो ला ग्वार्डिया यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कला झाला. वडील इटालियन, आई ट्रिएस्टकडची ज्यू. वडील लष्करात बँडमास्तर असल्याने बालपण गेलं अॅरिझोनात. तरुणपणी त्यांनी युरोपात अमेरिकन वकिलातीत नोकरी केली. पुढे १९०७ ते १९१० या काळात ते एलिस आयलंडवर दुभाषे होते. बोटीतून उतरलेल्या घाबऱ्याघुबऱ्या माणसांची बाजू साहेबाला समजावून सांगायची, हे दिवसाचं काम. संध्याकाळी कायद्याचं शिक्षण. परक्या देशात पाय रोवणं म्हणजे काय, हे त्यांनी फार जवळून पाहिलं.

पुढे ते काँग्रेसमध्ये निवडून गेले. पक्ष रिपब्लिकन, पण ओढा कष्टकऱ्यांकडे. संपावरच्या कामगारांवर कोर्टाचे मनाई हुकूम आणण्याला लगाम घालणारा १९३२चा नॉरिस-ला ग्वार्डिया कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी, मंदीत सरकारी तूट भरण्यासाठी देशभर विक्रीकर लावायचा घाट घातला गेला. हा कर गरिबाच्या खिशातून जाणार, म्हणून ला ग्वार्डियांनी तो हाणून पाडण्यात पुढाकार घेतला.

आणि मग १ जानेवारी १९३४ला ते न्यूयॉर्कचे महापौर झाले. आता भांडायचं कुणाशी? तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याच हातात! शहर जवळजवळ दिवाळखोर. १९३३च्या करारामुळे बँकांची पकड घट्ट. बेकारांच्या रांगा मात्र लांबच लांब. केंद्र सरकारच्या मोठ्या मदतीसाठी आधी अंदाजपत्रक जुळायला हवं होतं.

ला ग्वार्डियांनी काटकसरीचं विधेयक मांडलं : पालिकेच्या नोकरांचे पगार कापायचे, काहींना बिनपगारी रजेवर पाठवायचं. कामगारांचा कैवारीच पगाराला कात्री लावतोय म्हटल्यावर गदारोळ होणारच. एका माणसाच्या हाती एवढे अधिकार नकोत, असा आक्षेप गव्हर्नर लेहमन यांनीही घेतला. ऑल्बनीच्या विधिमंडळात विधेयक एकदा नव्हे, अनेकदा आपटलं. शेवटी एप्रिल १९३४मध्ये ते मंजूर झालं, पण बरंच सौम्य होऊन. अधिकार एकट्या महापौराऐवजी 'बोर्ड ऑफ एस्टिमेट'कडे गेले.

तरी बेकारांच्या मदतीचा प्रश्न उरलाच. ती थांबवायची नाही, हे त्यांचं ठाम. मग पैसा आणायचा कुठून? डिसेंबर १९३४पासून शहरात २ टक्के विक्रीकर लागू झाला, खास मदतकार्यासाठी. म्हणजे ज्या कराविरुद्ध दोन वर्षांपूर्वी ते त्वेषाने लढले, तोच त्यांनी स्वतः लावला.

याला ढोंग म्हणायचं का? काहींनी म्हटलंही असेल. पण मला वाटतं, त्यांनी साधा हिशेब केला. नोकरी असलेल्याचा पगार थोडा कमी झाला तर संसार ओढाताणीने का होईना चालतो. बेकाराची मदत बंद झाली तर चूलच विझते. अर्थात, कात्री लागलेल्या शिपायाला किंवा कारकुनाला हा हिशेब गोड लागला नसणार, आणि त्याचं दुःखही खरंच होतं. घराघरात अडचणीच्या काळात हाच वाद होतो, फक्त आकडे लहान असतात.

शहर सावरलं. केंद्राच्या पैशातून पूल, शाळा, बागा उभ्या राहिल्या. १९३९मध्ये विमानतळ सुरू झाला. लोकांनी त्यांना १९३७ आणि १९४१ला पुन्हा निवडून दिलं. बारा वर्षं कारभार करून २० सप्टेंबर १९४७ रोजी ते गेले, तेव्हा मागे उरलं ते एक गहाण घर आणि सुमारे ८,००० डॉलरचे युद्धरोखे. दुसऱ्यांच्या पगाराला हात लावणाऱ्या माणसाने स्वतःचं घर भरलं नव्हतं, एवढं तरी त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागेल.