पाशातून मुक्ती

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉर्सेट नावाचे एक खेडे आहे. तेथे २६ नोव्हेंबर १८९५ रोजी बिल विल्सनचा जन्म झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे तो आजोळी वाढला. फेकणाऱ्याकडे परत येणारे बूमरँग ऑस्ट्रेलियातील लोकांवाचून कोणालाही बनविता येत नाही, असे एकदा आजोबा सहज म्हणाले. झाले! बिल सहा महिने लाकूड तासत राहिला, आणि अखेर त्याने फेकलेले बूमरँग गिरकी घेऊन परत आले. असा हा जिद्दी मुलगा. परंतु पुढे एका शत्रूपुढे त्याची जिद्द लुळी पडली. तो शत्रू म्हणजे मद्य.

पहिल्या महायुद्धाच्या काळात बिल सैन्यात अधिकारी होता. १९१७ साली एका मेजवानीत त्याने प्रथमच मद्य घेतले. स्वभावाने तो बुजरा होता. मद्यामुळे त्याचा संकोच घटकाभर नाहीसा झाला, आणि त्या घटकाभराच्या सुखानेच त्याला जाळ्यात ओढले. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्याने पैसा मिळविला. १९२९ साली बाजार कोसळला. व्यसन मात्र वाढतच गेले. पत्नी लोइस दुकानात नोकरी करून संसाराचा गाडा ओढू लागली. बिल पुन्हा पुन्हा शपथ घेई आणि पुन्हा पुन्हा मोडी.

उपचारांसाठी त्याला चार वेळा रुग्णालयात ठेवावे लागले. हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे, हा एक रोग आहे, असे तेथील डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला समजावून सांगितले. त्याच सुमारास त्याचा एक मद्यपी मित्र दारू सोडून त्याला भेटावयास आला. हा सुटू शकतो, तर मी का नाही, असे बिलच्या मनात आले. डिसेंबर १९३४ नंतर त्याने मद्याला स्पर्श केला नाही.

मग तो इतर मद्यपींना उपदेश करू लागला. पण एकही सुधारला नाही. डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला उपदेश सोडून रोगाविषयी बोलण्यास सांगितले.

मे १९३५ मध्ये बिल कामासाठी ॲक्रन या शहरी गेला. काम फिसकटले. खिशात जेमतेम दहा डॉलर उरले. उदास मनाने तो हॉटेलच्या दालनात येरझारा घालीत होता. एका टोकाला मद्यगृह होते. तेथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता. त्याचा जीव घाबरला. दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोललो, तरच आपण तरू, असे त्याला वाटले. तो टेलिफोनकडे वळला.

गावातील एका धर्मोपदेशकाच्या साहाय्याने दुसऱ्या दिवशी त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. हे शस्त्रवैद्यही मद्याच्या पाशात सापडले होते. पंधरा मिनिटेच थांबावयाचे, असे ठरवून ते आले होते. पण सहा तास उठले नाहीत. बिलने त्यांना दोष दिला नाही. त्याने स्वतःचीच कहाणी सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी अखेरचे मद्य घेतले. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

या संघटनेत वर्गणी नाही, आणि सभासदाचे नाव बाहेर जाहीर केले जात नाही. बिलनेही हा नियम पाळला. १९५४ साली येल विद्यापीठ देऊ करीत असलेली सन्मानाची पदवी त्याने नाकारली. तो सर्वस्वी निर्दोष नव्हता. तंबाखूचे व्यसन त्याला फार जड गेले, आणि फुफ्फुसाच्या विकाराने २४ जानेवारी १९७१ रोजी त्याचा अंत झाला.

आज महाराष्ट्रासह जगभर या संघटनेच्या सभा भरतात. तेथे एक जण आपली कहाणी सांगतो, दुसरा ऐकतो, आणि दोघेही त्या दिवसापुरते मद्यापासून दूर राहतात. एकट्याने घेतलेल्या शेकडो शपथा मोडल्या. दुसऱ्याला आधार देऊ लागला, तेव्हा बिल स्वतः तरला.