सर जमशेटजी जीजीभाई : पोरकेपण, पैसा आणि दातृत्व

व्यापारी मनुष्याचे पैशाशी असलेले नाते केवळ त्याच्या चोपडीतील जमाखर्चावरून कळत नाही. लहानपणी घरात त्याने काय पाहिले, कशाचे भय बाळगले, कोणाच्या आश्रयाने दिवस काढले, यांचाही त्या नात्यात मोठा वाटा असतो. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ दुकानावर वा पेढीवर चालतो. म्हणूनच यंदा आम्ही ज्ञातीबाहेरील, परंतु सर्व मुंबईकरांस आपल्या वाटणाऱ्या एका व्यापाऱ्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी एका सामान्य स्थितीतील पारशी कुटुंबात झाला. १७९९ साली आईवडिलांचे छत्र हरपले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. शालेय शिक्षण बेताचेच. मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांचा बाटल्यांचा व्यापार होता. त्यांनी भाच्यास आश्रय दिला. पुढे ‘बाटलीवाला’ हे उपनाम जमशेटजींसही चिकटले, आणि १८०३ च्या सुमारास मामांची कन्या आवाबाई त्यांची सहधर्मचारिणी झाली. हाताशी भांडवल नाही, पाठीशी वडील नाहीत, अशा स्थितीत हा तरुण कलकत्त्यास आणि तेथून चीनच्या सफरीवर गेला.

त्यांनी चीनच्या एकूण पाच सफरी केल्या. १८०५ साली अशाच एका सफरीत त्यांचे ‘ब्रन्स्विक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडले. जवळचे होते नव्हते ते गमावून जमशेटजी बंदिवान म्हणून आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत नेले गेले. अशा आघातानंतर एखादा मनुष्य जन्मभर कमरेची किल्ली सोडीत नाही. जमशेटजी मात्र मुंबईस परतले आणि पुन्हा समुद्रावर गेले. त्याच जहाजावरील डॉक्टर विल्यम जार्डीन यांच्याशी झालेली ओळखही त्यांनी जपली; पुढे तीच त्यांच्या व्यापाराचा मोठा आधार ठरली.

मुंबईत स्थिर झाल्यावर त्यांनी मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती, अशा तिघांशी भागीदारी केली. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. ज्याचे घर लहानपणीच मोडले, त्याने विश्वासाची माणसे केवळ आपल्या घरात न शोधता सचोटी पाहून जोडली. कापसाच्या व्यापारात लाभ होत गेला आणि चाळिशीच्या आसपास जमशेटजी मुंबईतील अग्रगण्य धनिकांत गणले जाऊ लागले.

या पैशाचे त्यांनी काय केले, ते मुंबई अद्याप विसरलेली नाही. १८२२ साली त्यांनी तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब ऋणकोंची देणी स्वतः फेडून त्यांस मुक्त केले. वृद्ध, विधवा, पोरकी मुले यांच्यासाठी त्यांचा हात सदैव सैल राहिला. १८४५ साली जे. जे. रुग्णालय सुरू झाले, १८५७ साली कलाशाळा उभी राहिली. पुण्याच्या पाणीपुरवठ्यासही त्यांनी मोठे साहाय्य केले. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसे दगावत. तेथे सरकार खर्च करीना, तेव्हा आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले आणि वाटसरूंकडून पथकर घेऊ नये अशी अट घातली. आम्हांस वाटते, या दानांच्या मुळाशी कीर्तीच्या इच्छेहून जुनी अशी एक गोष्ट असावी. ऋणको, अनाथ, नाव उलटलेला प्रवासी, यांच्या जागी ते आपले पूर्वीचे रूप पाहत असावेत.

तथापि चरित्र सांगताना काळी बाजू झाकणे हे चरित्रनायकाच्या सन्मानाचे लक्षण नव्हे. जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग माळव्याच्या अफूतून आला. जार्डीन यांच्या पेढीमार्फत ही अफू चीनमध्ये विकली जाई. तेथे ती आणण्यास सरकारी बंदी होती आणि तिने असंख्य घरे उद्ध्वस्त केली. या व्यापारापायी झालेले पहिले अफूचे युद्ध १८४२ साली संपले. त्याच वर्षी जमशेटजींस ‘सर’ ही पदवी मिळाली. त्या काळी मुंबईच्या पेठेत हा धंदा अप्रतिष्ठित मानीत नसत, हे खरे. पण म्हणून चीनमधील एकाही आईचे अश्रू कमी झाले नाहीत. ज्याचे मन मुंबईतील अनाथासाठी कळवळत होते, त्यास दूर देशीचा अनाथ दिसला नाही.

येथेच आम्हांस या चरित्राचा खरा बोध दिसतो. हालअपेष्टांनी जमशेटजींस पैसा कसा द्यावा हे शिकवले. तो कसा मिळवावा, हा प्रश्न विचारण्यास मात्र शिकवले नाही. दारिद्र्याची आठवण हृदय मऊ करू शकते, परंतु न्यायअन्यायाचा विवेक आपोआप देत नाही. तो घरात, जाणूनबुजून द्यावा लागतो.

१८५७ साली बॅरोनेट ही पदवी मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे त्या पदवीचे वारस आपले स्वतःचे नाव बाजूस ठेवून जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करीत आले.

आपल्याकडेही कष्टातून वर आलेले वडील पुष्कळ आहेत. कोणी मुलाच्या हाती रुपया देण्यास भितात. कोणी आपण भोगले ते मुलाने भोगू नये म्हणून त्याचे मागणे तोंडातून निघण्यापूर्वीच पुरवतात. दोन्हींच्या मुळाशी जुने दुःखच असते, आणि दोन्हींत मुलगा पैशाविषयी अजाण राहतो. ज्ञातिबंधू-भगिनींस आमची विनंती एवढीच की, मुलांस जुन्या अडचणीचे दिवस मोकळेपणाने सांगावेत, चोपडीतील कर्जाचे पानही दाखवावे. आणि हा पैसा कोठून आला, असे मुलाने विचारलेच, तर त्यास दटावू नये. ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर मान वर करून देता येते, त्या घरची लक्ष्मी खऱ्या अर्थाने स्थिर झाली असे आम्ही समजतो.