फादर स्टीफन्स आणि पावित्र्याची परिभाषा

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. स्वदेशी कॅथलिक धर्माचरण दुष्कर झालेल्या त्या काळात त्यांनी रोम गाठले व १५७५ मध्ये जेझुइट संघात प्रवेश केला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. १६१९ मधील मृत्यूपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने साष्टी हेच राहिले.

साष्टीतील वातावरण तेव्हा क्षुब्ध होते. १५६७ मध्ये तेथील देवालये पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली. नवख्रिस्ती समाजाला पूर्वीचे धर्मग्रंथ वर्ज्य ठरले, तरी पुराणश्रवणाची ओढ ओसरली नव्हती. जुन्या पुराणांच्या जागी दुसरे काही द्यावे, ही एका ब्राह्मण नवख्रिस्त्याची मागणी ग्रंथारंभी नोंदवून स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला.

स्टीफन्स यांच्यापुढील प्रश्न केवळ शब्दयोजनेचा नव्हता. श्रोत्यांच्या व्यवहारात पावित्र्य हे सोवळे, तीर्थ आणि जन्म यांच्याशी निगडित होते. संतांनी त्यास अंतःकरणशुद्धीचा अर्थ दिला होता. ख्रिस्ती पावित्र्य मात्र ईश्वरी कृपेचे दान मानले जाई. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला, ओवी व पुराणाचा घाट स्वीकारला. परंतु पवित्र आत्म्याचे आणि बाप्तिस्म्याचे नाव परकीय रूपातच ठेवले. भक्तिभाव जागवायचा तेथे देशी शब्द आणि सिद्धान्त जपायचा तेथे परका शब्द, अशी ही विभागणी दिसते. ‘वैकुंठ’ शब्दाबरोबर विष्णुलोकाचे संस्कार येणार, हा धोका त्यांनी पत्करला. ज्या धर्मसत्तेच्या छायेत जुने ग्रंथ हिरावले गेले, तिच्याच एका सेवकाने त्या ग्रंथांची भाषा पूज्य मानली, हा या चरित्रातील मूलभूत ताण होय.

त्यांचे कोकणी व्याकरण मरणोत्तर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावरच निर्बंध घातले. पुराणाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांतून मात्र ते टिकले आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा मुद्रित झाले. शासनाने नाकारलेली भाषा भाविकांनी आपली मानली, याची साक्ष ही हस्तलिखिते देतात.