सत्तावन्न किलोचा पैलवान



पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डेऱ्यासारखं पोट आणि भाकरीची चवड येते. जत्रेत कुस्त्या बघून आलं की आपल्यातले काहीजण घरी आईला म्हणतात, मला आता आठ भाकरी वाढ, मी पैलवान होणार! पण स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा पैलवान सत्तावन्न किलोच्या गटात लढला. त्याचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यात गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः कुस्ती खेळायचे. त्यांनीच लहानपणी पोराला आखाड्याच्या तांबड्या मातीत उतरवलं. खाशाबांचं शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झालं. अंगानं ते लहानखुरे होते, पण मोठे चपळ आणि डावात तरबेज.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरलं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली आणि खाशाबा तिथं गेले. सवय मातीची, आणि तिथं कुस्ती गादीवर! तरीही ५२ किलोच्या गटात त्यांनी सहावा नंबर काढला.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. ऑलिंपिकच्या कुस्तीत पैलवानाला आधी काट्यावर उभं राहावं लागतं. गटापेक्षा वजन जास्त भरलं तर खेळता येत नाही. म्हणजे पोटाला तडस लागेस्तोवर खाणारा बाहेर राहतो. आणि जो उपाशी राहून वजन उतरवतो, त्याच्या हातापायांत जोर राहत नाही. म्हणून अंगाला लागेल तेवढंच, पण रोज आणि वेळेवर खावं लागतं.

१९५२ साली फिनलंड देशात हेलसिंकीला जायचं ठरलं. घरची परिस्थिती बेताची, पैसा आणायचा कुठून? गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. केवढा हा विश्वास!

खाशाबांनी तो सार्थ केला. या वेळी ते ५७ किलोच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. जपान आणि सोव्हिएत संघाचे मल्ल मात्र भारी पडले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्यपदक मिळालं. ते परत आले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली!

मग मुलांनो, व्यायाम करणाऱ्यानं किती खावं? साधा हिशेब करू. सत्तावन्न किलोच्या माणसानं तासभर जोर, बैठका आणि कुस्ती केली, तर साधारण दीड-दोन भाकरींचं बळ खर्च होतं. म्हणजे तासाच्या मेहनतीला जेवणात दीड-दोन भाकरींची भर पुरते, सहा-सात भाकरींची लागत नाही. आपल्यासारख्या तीस किलोच्या पोरानं तासभर कबड्डी किंवा खो-खो खेळला, तर एखादी भाकर जास्त पुरे. आणि व्यायाम सुटला की ही भर बंद करायची, नाहीतर नुसती चरबी वाढते.

पण भाकरीनं पोट भरतं. स्नायू भरायला प्रथिनं लागतात. जड व्यायाम करणाऱ्या सत्तावन्न किलोच्या माणसाला रोज सत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिनं हवीत. एका ज्वारीच्या भाकरीत साधारण पाच ग्रॅम असतात. वाटीभर घट्ट वरण, पेलाभर दूध, एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे, यांत प्रत्येकी सहा-सात ग्रॅम. चार भाकरी, तीन वाट्या वरण, दोन पेले दूध, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे मिळून सत्तरच्या आसपास बेरीज होते. यातलं विकतच्या डब्यातलं काय आहे? ज्वारी, तूर, भुईमूग तर आपल्या शिवारातच पिकतात. भाकरीत जे कमी असतं ते डाळ भरून काढते, म्हणून दोन्ही सोबत खावीत.

आपल्या वयाच्या तीस किलोच्या मुलामुलींना रोज तीसेक ग्रॅम प्रथिनं लागतात. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीला १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवीला २० ग्रॅम मिळावीत असा नियम आहे. म्हणून खिचडीतली डाळ आणि मटकी बाजूला काढून टाकू नका! भरपेट जेवून लगेच पळू नये, दोन तास जाऊ द्यावेत. खेळून आल्यावर पाणी प्यावं आणि थोड्या वेळानं जेवावं. वजन कमी करायला उपाशी राहणं हे वाढत्या वयात मुळीच नको.

पालकांना एक विनंती. धावण्याच्या शर्यतीत मुलगीही तेवढीच पळते. मग दूध आणि अंडं एकट्या मुलाच्याच ताटात का? दोघांनाही सारखं वाढा.

पुढे १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं. तब्बल ४४ वर्षं!

मित्रांनो, खाशाबा मोठे झाले ते रोजच्या मेहनतीनं. आपणही रोज घाम गाळू या आणि घामाच्या मापानं जेवू या. ताटात घेतलेलं टाकायचं नाही, आणि भूक भागल्यावर उगीच वाढून घ्यायचं नाही. कोण जाणे, हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातलं पोरगं किंवा पोरगी उद्या त्याच काट्यावर उभी राहील!