मंडईला विरोध करणारे जोतीराव

पुण्याची मंडई आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. मधोमध आठ कोनांचा उंच मनोरा, त्याला जोडलेल्या दगडी ओवऱ्या, आत ओट्यांवर भाजी मांडून बसलेले विक्रेते. नाव महात्मा फुले मंडई. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलासुद्धा हेच नाव दिलेलं आहे. नवख्या माणसाला साहजिकच वाटेल की पुण्याची मंडई जोतीराव फुल्यांच्या पुढाकारानं उभी राहिली. खरं म्हणजे मंडई बांधण्याचा विषय नगरपालिकेत आला तेव्हा ज्या थोड्या सभासदांनी विरोध केला, त्यांत जोतीराव होते.

शाळेत आपण शिकलेले जोतीराव म्हणजे मुलींची शाळा, अस्पृश्यांना खुला केलेला पाण्याचा हौद आणि सत्यशोधक समाज. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकते. वास्कोत राहणाऱ्या आपल्याला मात्र ती ओळ नुसती वाचून पुढे जाता येत नाही. रस्त्यावर कुणी बसायचं, सोपो कुणी भरायचा, प्रभाग कुणासाठी राखीव, हे आपले रोजचे विषय. म्हणून या लेखात मी जोतीरावांचं चरित्र पालिकेच्या बाजूनं सांगतोय.

जन्म ११ एप्रिल १८२७. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवायचं काम मिळालं आणि आडनाव फुले झालं. वडील गोविंदराव पुण्यात भाजीपाल्याचा धंदा करत. आई चिमणाबाई जोतीराव अगदी तान्हे असताना गेल्या, सगुणाबाईंनी त्यांना वाढवलं. मुलगा थोडं लिहा-वाचायला शिकला आणि वडिलांनी त्याला शाळेतून काढून मळ्यात घातलं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत काढली, म्हणून १८४१ मध्ये तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती शेजारी नसते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात येतोच. पण तो इथे लांबवत नाही.

१८४८ ला मुलींची शाळा, पुढच्याच वर्षी वडिलांचं घर सोडावं लागणं, १८५२ मध्ये सरकारी सत्कार, १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते त्यांचं पोटापाण्याचं काम. जोतीराव ठेकेदार होते. पूल, बोगदे, कालवे अशा सरकारी बांधकामांना त्यांची कंपनी माणसं आणि माल पुरवायची. येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा त्यांच्या कामांत सांगितला जातो. म्हणजे दगडाची गाडी कितीला पडते आणि मजुराच्या हातात त्यातले किती पैसे पडतात, याचा हिशेब त्यांच्या बोटांवर होता. असा माणूस नगरपालिकेच्या सभेत बसला की त्याच्यापुढे खर्चाचा आकडा टाकणं अवघड जात असणार.

तेव्हाची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती. मतदान, उमेदवार, प्रचार काही नाही. सभासद सरकार नेमायचं. जोतीरावांनाही सरकारनंच नेमलं. ते सभासद झाले त्याच सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. गावं ओस पडली, माणसं शहराकडे आली. धनकवडीला सत्यशोधक मंडळींनी दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. सभेत खर्चाचे विषय यायचे तेव्हा जोतीरावांच्या डोळ्यांपुढे ही मुलं असायची, असं मी धरून चालतो.

एकदा विषय आला व्हाइसरॉयच्या स्वागताचा. अध्यक्षांनी हजार रुपये खर्चाला मंजुरी मागितली. सभासद बत्तीस. जोतीरावांचं म्हणणं, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घालावेत. मत मोजलं तर विरोधात एकटे तेच. आता बघा, ज्या सरकारनं खुर्ची दिली त्याच सरकारच्या सर्वांत मोठ्या साहेबाच्या स्वागताला नाही म्हणणं सोपं नव्हतं. पुढच्या वेळी नेमणूक झाली नसती तर कुणाला जाब विचारणार? १८८० मध्येच त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल पालिकेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना, प्लंकेट साहेबांना, पत्र लिहिलं. एकीकडे पालिका लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि दुसरीकडे गल्लोगल्ली दारू विकली जाते, हे त्यांना पटत नव्हतं.

आणि मग मंडई. तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. उन्हापावसात, धुळीचिखलात. पालिकेला पक्की देखणी इमारत हवी होती, आणि तिचा खर्च लाखांत जाणार होता. जोतीराव आणि त्यांचे मित्र हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. एवढा पैसा आहे तर तो आधी शिक्षणाकडे वळवा, ही त्यांची मागणी. ती मान्य झाली नाही. इमारत १८८६ मध्ये पूर्ण झाली आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट म्हणून उघडली.

इथे मला जोतीरावांशी थोडं भांडावंसं वाटतं. भाजीवालीला डोक्यावर छप्पर नको असतं का? आपल्याकडे पावसाळ्यात टोपली घेऊन गटाराच्या काठावर बसलेल्या बायांना विचारा. छप्पर, पाणी आणि बसायला ओटा ही काही चैन नाही. भाजीवाल्याच्या मुलाला हे कळत नव्हतं असं कसं म्हणू? पण ‘शेतकऱ्याचा असूड’ हे १८८३ मधलं त्यांचं पुस्तक वाचलं की त्यांच्या विरोधाची दुसरी बाजू दिसते. शेतकरी गाडीभर माळवं घेऊन पुण्याच्या बाजारात येतो. दलाल आणि म्युनिसिपालिटी यांच्या हातावर पैसे ठेवता ठेवता मालाची किंमत संपते आणि गाडीभाडं त्याला पदरचं भरावं लागतं, असं चित्र त्यात आहे. छप्पर कुणाच्या पैशातून उभं राहतं आणि त्याचं भाडं पुढे कोण फेडतं, हा प्रश्न ठेकेदाराच्या डोक्यातून सुटला नसणार. शिवाय त्या बत्तीस जणांत भाजीबाजार घरातून पाहिलेले किती होते? ज्यांच्यासाठी मंडई बांधायची, त्या माळणी आणि बागवान काही सभासदांच्या खुर्चीवर नव्हते.

नंतर निवडणुका आल्या. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि नगरपालिकांत लोकांनी निवडलेले सभासद येऊ लागले. जोतीरावांची कारकीर्द याच वळणावर संपते. सुशिक्षित पुणं खूश होतं. जोतीराव मात्र साशंक राहिले, आणि त्याला कारण होतं. मत होतं कर भरणाऱ्या, मालमत्ता असलेल्या किंवा शिकलेल्या पुरुषांना. टोपलीवाली रोज बाजारात पैसे मोजते, पण ते पैसे मतदार यादीत धरले जात नाहीत. निवडून येणार कोण, तर शाळेत आधीपासून पोचलेले. सार्वजनिक सभा आणि पुढे राष्ट्रसभा यांच्यावरही त्यांनी हाच आक्षेप घेतला. त्याच १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी खालच्या वर्गाला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. ही मागणी आणि मंडईचा विरोध मी एकत्र वाचतो. त्यांच्या हिशेबात शाळा नसेल तर पेटीत पडणारं मत ठरावीक घरांतूनच येणार होतं.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर २०२१ सालचं घ्या. गोव्यातल्या पालिका निवडणुकीत प्रभागांच्या आरक्षणावरून वाद झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं पाच पालिकांचं आरक्षण रद्द केलं. त्या पाचांत आपली मुरगाव होती. म्हापसा, मडगाव, केपे आणि सांगे या बाकीच्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा राज्य निवडणूक आयुक्तपद सरकारच्या कायदा सचिवांकडेच होतं. १२ मार्चला न्यायालयानं सांगितलं की सरकारी नोकरीतल्या माणसाकडे हे पद देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्रच हवा. जोतीरावांच्या काळात सरकार सभासद नेमायचं. एकशेचाळीस वर्षांनी प्रश्न आला तो निवडणूक घेणारा माणूस कुणाचा याचा. फेरीविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात त्यामानानं एक चांगली तरतूद आहे. शहर फेरीविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडायचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायकांच्या. कागदावर तरी माळणीला खुर्ची मिळाली. दामोदर सप्ताहाच्या फेरीला वास्कोत रस्तोरस्ती दुकानं लागतात. त्यांची जागा ठरवताना या कायद्याची आठवण कुणी काढतं का, ते पुढच्या सप्ताहात तुम्हीच बघा.

जोतीरावांना लोकांनी महात्मा म्हटलं ते ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत. त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे शेवटचं पुस्तक त्यांनी डाव्या हातानं लिहिलं. पैशाचीही ओढाताण होती. हे पुस्तक छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या मागे.

निवडून आलेल्या सभागृहानं त्यांना कसं वागवलं हेही सांगितलं पाहिजे. १९२५ मध्ये केशवराव जेध्यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा ठराव आणला. तो फेटाळला गेला, शहरात मोठं रण माजलं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकारानं रे मार्केटचं नाव बदलून फुले मंडई झालं. अत्र्यांना विनोदाचं वावडं नव्हतं. ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव देताना ते मनात हसले असतील का, कोण जाणे. पण भाजीवाल्याच्या मुलाचं नाव भाजीबाजाराला, हे नातं काही खोटं नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपल्याला दहन न करता मिठात घालून पुरावं अशी त्यांची इच्छा होती आणि राहत्या घराच्या मागे त्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. वस्तीत दफन करायला नगरपालिकेची परवानगी लागते. ती मिळाली नाही. शेवटी दहन करावं लागलं. अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई पुढे चालल्या आणि मग त्यांच्या अस्थी त्या घरामागच्या जागेत ठेवल्या गेल्या.