फारसीचा कोश करणारे माधव जूलियन फारसी शब्द का टाळू लागले?

कवी माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म १८९४, बडोदा. मराठीत गझल रुजवली ती यांनी. गझलेत लघु-गुरू अक्षरं मोजून नेमका बसणारा शब्द शोधावा लागतो. फारसीचे प्राध्यापक असल्याने त्यांच्याकडे शब्दांचा साठा मोठा. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोशही केला.

१९२८ पासून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत होते. अक्षरांच्या या हिशोबाचं शास्त्र त्यांनी ‘छंदोरचना’त मांडलं आणि मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळवली.

पण पुढे मत बदललं. मराठी शब्द असताना फारसी किंवा इंग्रजी कशाला, हा विचार त्यांनी १९३८ च्या ‘भाषाशुद्धि-विवेक’मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. जमीन, बाजार हे फारसी शब्द मात्र आपण आजही बोलतो.